सगळ्यांना दोन-दोन पीस

फोन आला तेव्हा मी परभणीकडे, माहेरी होते. भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि मी मागच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात पुऱ्या लाटत बसले होते. भाचा मोबाइल घेऊन पळत आला, "आत्या, नाशिकहून आहे." पलीकडे मंदावहिनींची सोनाली होती. "काकू, मम्मी गेली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच असं विचारलं. मंदावहिनी जाऊन जाऊन कुठं जाणार... पिंपळगाव बसवंतला भावांकडे, नाहीतर वणीला देवीला. पोरीला तेच वाक्य परत म्हणावं लागलं, आणि मग मला समजलं. पीठ लागलेल्या हातांनीच मी पिशवी भरली. बस बदलत बदलत नाशिकला पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ओसरीत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. मी उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच त्यांतली एक डोळ्याला पदर लावून म्हणाली, "शेवटच्या माणसाला वाढलं बघ, मगच टेकली. भाग्यवान बाई."

हे वाक्य त्यानंतर मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आता कुणी "शेवटच्या" म्हटलं तरी माझी कानशिलं तापतात. दहाव्याला घाटावर ऐकलं, तेराव्याला मांडवात ऐकलं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर मंदावहिनींचा लग्नातला कुणाच्या तरी खांद्यामागून कापून घेतलेला फोटो आणि खाली 'अन्नपूर्णा हरपली'. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना गोड लिहावं, हे मला कळतं. मी सातवी शिकलेली बाई आहे. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या मुलानं तपासलेत. पण गोड लिहायला जमत नाही. मला राग आलाय. तो उतरायची वाट बघत इतके आठवडे थांबले, तर तो वाढतच चाललाय.

मी या घरात आले ते दोन हजार दहाच्या सुमाराला. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टवर लागले होते आणि मखमलाबादला भाऊंच्या मळ्याच्या कडेला ज्या भाड्याच्या खोल्या होत्या, त्यांतली एक आम्ही घेतली. भाऊ म्हणजे मंदावहिनींचे मालक. फुलं, मेथी, कोथिंबीर करायचे, पहाटे बाजारात न्यायचे. मला नाशिकचं काहीच कळत नव्हतं. गॅस कळत नव्हता, नळाची वेळ कळत नव्हती, बोलणंसुद्धा कळत नव्हतं. भाऊंच्या आई, त्यांना सगळे आजी म्हणायचे, मला 'परभणीवाली' म्हणायच्या आणि मी काही बोलले की दुसऱ्या कुणाला तरी विचारायच्या, "काय म्हणती ती?" मी दिवसभर दाराला आतून कडी लावून बसायचे. गॅसचं बटण बंद आहे ना हे बघायला पुन्हा पुन्हा उठायचे. ती सवय अजून आहे.

एक दिवस मंदावहिनींनी दार वाजवलं. आमच्या लग्नात आलेला कुकर कोपऱ्यात खोक्यातच पडलेला त्यांनी पाहिला. "हा काय देव्हाऱ्यात ठेवायला आणलाय का?" मी खरं ते सांगितलं, की मला त्याची भीती वाटते. गावाकडे कुणाच्या तरी कुकरचं झाकण उडून पत्र्याला भोक पडल्याची गोष्ट मी ऐकली होती. वहिनींनी कुकर खोक्यातून काढला, शिट्टी काढून त्यातून माझ्याकडे फुंकर मारली. "एवढंच भोक हाय. यातून वाफ जाती. ते बुजलं तर कुकर फुटतो, नाय तर नाय. माणसाचं पण तसंच." पहिली शिट्टी झाली तेव्हा मी पळत बाहेर गेले आणि थेट मळ्यात उभी राहिले. त्या दारात पोट धरून हसत होत्या. "अगं ये, कुकर हाय, बैल नाय."

मग वरण-भात लावायला शिकवलं. खाली पाणी, एका डब्यात डाळ, वर दुसऱ्यात तांदूळ. ते मला नीट जमायला लागलं तेव्हा एका बुधवारी त्या कागदात बांधलेली कोंबडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला आत पाहुण्यांचा चहा करायचाय. तू कुकरला चिकन आणि भात लाव, मी आलेच." मी लावला. मला जसं शिकवलं होतं तसाच लावला... खाली पाणी, एका डब्यात चिकन, वरच्या डब्यात तांदूळ. त्या परत आल्या, झाकण उघडलं आणि बघतच राहिल्या. चिकन पांढरंफटक उकडलेलं, आणि भाताला कशाचाच वास नाही. मला वाटलं आता रागावतील. त्या खाली बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू तर आत पंगतच बसवली गं. वरचे वर, खालचे खाली. डबे कशाला? एकातच घालायचं असतं सगळं."

ते 'एकातच' म्हणजे काय, हे मला त्या घरातला रविवार पाहिल्यावर कळलं. रविवारी भाऊ मटण नाहीतर कोंबडी आणायचे. सकाळपासून कांदे भाजायचे, खोबरं भाजायचं, पाट्यावर वाटण वाटायचं. मिक्सर होता, पण आजींना मिक्सरचं वाटण चालत नसे. भाकरी वेगळ्या, भात वेगळा, रस्सा वेगळा, सुकं वेगळं. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग आजींची आणि मग सुनांची. सुनांची पाळी येईपर्यंत पातेल्यात रस्सा असायचा, आणि तळाला मानेचे तुकडे आणि हाडं. मंदावहिनी तो रस्सा भाकरीवर ओतून घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "सकाळपासून वास घेतलाय ना, त्यातच निम्मं पोट भरतं." सगळ्यांना वाटायचं की त्यांना स्वयंपाकाची फार हौस. चव हाताला होती, हे खरं. पण हौस नव्हती. त्यांना स्वयंपाक आवडत नव्हता. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण त्या मला हे इतक्यांदा बोलल्यात. "उभी राहून राहून माझे पाय गेले, सुमन. मला मेल्यावर बसायला एक खुर्ची द्या म्हणावं." त्यांना काय आवडायचं? फुलांच्या ओळींतून एकटीनं चालायला आवडायचं. सोनालीच्या शाळेच्या पुस्तकातले धडे मोठ्यानं वाचायला आवडायचं. दुपारी पालथं पडून काहीच न करायला आवडायचं. याला वेळ लागतो, आणि तो त्यांना कुकरनं दिला.

त्यांचा भात असा. चिकनला हळद, मीठ, आलं-लसूण आणि थोडं दही चोळून ठेवायचं. कुकरमध्येच तेल, त्यात उभा चिरलेला भरपूर कांदा. तो लाल होईपर्यंत परतायचा, त्यात घाई नाही. मग काळा मसाला, चिकन, एक वाफ. धुतलेला इंद्रायणी तांदूळ वरून टाकून हलकेच हलवायचा आणि बोटाचं एक पेर बुडेल इतकं गरम पाणी. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक, आणि बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ घालवली की त्या हातावर मारायच्या. "तिला तिच्या मनानं जाऊ दे." शेवटी कोथिंबीर, ती तर बांधावरच. ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी मसाल्याऐवजी नुसतं मिरी आणि तूप. एक भांडं घासायला. पाटा नाही, परात नाही, भाकरीचा धूर नाही.

आणि मग वाडगे. घरात जेवढी माणसं तेवढे एकसारखे स्टीलचे वाडगे त्यांनी भांडीबाजारातून जुन्या भांड्यांवर बदलून आणले होते. एका रविवारी त्यांनी स्वतःच्या घरात हा भात केला, ओट्यावर सगळे वाडगे ओळीनं मांडले आणि पंगत बसायच्या आधीच सगळे भरले. प्रत्येकात दोन पीस आणि वर भात. मी कोथिंबीर निवडत मागच्या दारात बसले होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

भाऊंनी भात बोटानं उकरला. "दोनच?"

"सगळ्यांना दोन-दोन."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. मोजून घातलेत. मला पण दोन."

आजी म्हणाल्या, "हा काय भात हाय? आजाऱ्याला देत्यात असला गिच्च. आणि भाऊच्या ताटात तंगडी कुठंय?"

"ती निघाली सोनूच्या वाडग्यात," वहिनी म्हणाल्या. "ज्याच्या नशिबात असंल त्याच्यात निघती."

आणि त्या स्वतःचा वाडगा घेऊन तिथंच, सगळ्यांच्या समोर, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि जेवायला लागल्या. त्या घरात सून पुरुषांच्या बरोबरीनं जेवायला बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नुसते घास गिळल्याचे आवाज. भाऊ उठले, हात धुतले आणि जाता जाता म्हणाले, "पुन्हा हे करू नको. माणसं जेवतात का दवाखाना हाय."

आता नीट बघा त्यांना राग कशाचा आला. भात चांगलाच झाला होता, भाऊंनी वाडगा चाटूनपुसून खाल्ला होता. रागाचं कारण असं की या भातात पीस वेगळे काढून ठेवता येत नाहीत. रस्सा एकाला आणि मटण दुसऱ्याला असं करता येत नाही. आधी कोण आणि मागून कोण हेच त्यात विरघळून जातं. आमच्याकडे बाईला उपाशी ठेवत नाहीत हो, कुणी असं म्हणणार नाही. फक्त तिला मागून वाढतात.

मग तो भात माझ्या खोलीत व्हायला लागला. आमच्या ह्यांची दुपारची शिफ्ट असेल त्या बुधवारी वहिनी मागच्या दारानं यायच्या, बरोबर सोनाली. तिघींचे तीन वाडगे. त्या पाय पसरून बसायच्या आणि सोनालीच्या पुस्तकातलं वाचायला मला सांगायच्या. मी अडखळले की म्हणायच्या, "घाबरू नको, धडा हाय, कुकर नाय." मी घरातल्या धाकट्यांना भाकऱ्या करायच्या म्हणून सातवीला दप्तर ठेवलं होतं. आज मी जे काही वाचते, हा लेख लिहितेय, ते त्या बुधवारांमुळं. माझ्या आईनं मला जन्म दिला आणि या बाईनं मला नाशिकमध्ये जगायला शिकवलं. हे उपकार मी फेडू शकत नाही आणि मला फेडायचेही नाहीत, ते अंगावर असलेले बरे वाटतात.

पुढे आजींचे दात गेले. भाकरी चावेना, मटण चावेना. सोनाली तेव्हा चौथीत असेल. एक दिवस त्या स्वतः माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही तिघी वाडगे घेऊन बसलेल्या. मला वाटलं, आता खोली जाते. आजी म्हणाल्या, "मला वाटलंच इथं हाय. तो आजाऱ्याचा भात हाय का गं? घाल थोडा." वहिनींनी आपला वाडगा त्यांना दिला. आजी खाता खाता थांबल्या. मांडीचा पीस होता, शिजून हाडापासून सुटलेला. "मंदे," म्हणाल्या, "सून होऊन आले या घरात, तेव्हापासून तंगडी खाल्ली नाय बघ. लेकरांना दिली, नातवांना दिली. मला वाटायचं मला आवडतच नाय." त्यानंतर आजी होत्या तोवर तो भात मोठ्या घरात उघडपणे झाला. भाऊंनी एकच अट घातली, पाहुण्यांसमोर नको.

त्या अटीनंच घात केला. वहिनींच्या धाकट्या दिराच्या मुलाचं जावळ होतं. मांडव, पाहुणे, बोकड, पंगतींवर पंगती. मी तर नेमकी परभणीला. सकाळी भाकऱ्या थापतानाच वहिनी सोनालीला म्हणाल्या, "सोनू, डावा हात भरून आलाय गं." पोरगी अकरावीला सायन्सला आहे, तिला शंका आली. ती भाऊंकडे गेली, रिक्षा आणू का म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, "पित्त असंल. लिंबू-सोडा घे म्हणावं. पाहुणे बसलेत, ही पंगत उठू दे." पंगत उठली, दुसरी बसली, मग बायकांची बसली. वहिनी घाम पुसत वाढत राहिल्या. सगळ्या बायकांना वाढून झाल्यावर त्या भिंतीला टेकल्या, ताट पुढ्यात घेतलं आणि तशाच कलंडल्या. ताटात रस्सा होता. हे मला सोनालीनं सांगितलं, रडत नव्हती ती, शाळेतली कविता म्हणावी तसं एका सुरात सांगत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "दुखायला कधी लागलं?" सोनाली म्हणाली, सकाळी. त्यावर डॉक्टर भाऊंकडे बघत राहिले.

आणि याला तुम्ही भाग्य म्हणता. शेवटच्या माणसाला वाढून गेली, अन्नपूर्णा होती, असं म्हणून हात जोडता. जी बाई आयुष्यभर एकच गोष्ट म्हणत होती की मला पण सगळ्यांबरोबर वाढा, तिचं मागून जेवणंच तुम्ही फ्लेक्सवर लावलंत. ती अन्नपूर्णा नव्हती. तिचे पाय दुखायचे.

माझा वहिनींवरसुद्धा राग आहे. इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलं की भोक बुजू द्यायचं नाही, आणि स्वतः मात्र त्या दिवशी... एकदा ओरडल्या असत्या तर. हातातलं पातेलं आपटलं असतं तर. भिंतीला टेकायच्या आधी. मी तिथं असते तर ओढत नेलं असतं असं मी मनात रोज म्हणते. नेलं असतं का, माहीत नाही. मी भित्री बाई.

पण सगळ्यात जास्त राग दुखवट्याच्या दिवशीचा आहे. तेरावं झालं, गोड झालं, मग रीतीप्रमाणे पिंपळगावहून वहिनींचे भाऊ दुखवटा काढायला आले. सुतक सुटलं म्हणून मटणाचं जेवण. पुरुष बसले, मग पोरं. वाढायला कोण, तर सोनाली, आईची साडी नेसून. बायकांची पंगत बसली तेव्हा तिनं सगळ्यांना वाढलं आणि शेवटी पातेलं तिरकं करून स्वतःच्या ताटात रस्सा ओतला. तिची एक आत्या कौतुकानं म्हणाली, "अगदी आईवर गेलीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातात घास होता तो मी ताटात ठेवला. नंतर ओसरीत भाऊ कुणाला तरी सांगत होते, "कॉलेजचं बघू पुढच्या वर्षी. घरात बाईमाणूस नको का?" सोनाली आतून ऐकत होती. मी पण ऐकत होते. तेव्हापासून ती कॉलेजला गेलेली नाही.

मी आजही भाऊंच्याच खोलीत राहते. त्यांनी मला कधी वाईट शब्द बोललेला नाही, कठीण काळात त्यांनी आम्हाला सांभाळून घेतलंय, आणि हे छापून आल्यावर ते काय म्हणतील या विचारानं मी चार वेळा कागद फाडलाय. परवा मी सोनालीला माझ्या खोलीत बोलावलं. तिला चिकन धुवायला सांगितलं, कांदा मी चिरला. आईचा भात तिला येत नव्हता, वहिनींनी तिला स्वयंपाक शिकवलाच नव्हता, मुद्दाम. मी शिकवला. वाफ जिरेपर्यंत आम्ही दोघी शिट्टीला हात न लावता बसलो. मग तिला म्हटलं, आता भर वाडगे. तिनं भरले आणि स्वतःचा बाजूला सारून ठेवला, मागून खायला. मी तो तिच्या हातात दिला. म्हटलं, आधी. ती उभ्या उभ्याच खायला लागली, आणि मग आई गेल्यापासून पहिल्यांदा हमसून रडली, तोंडात घास घेऊन.

भाऊ, ही पुरवणी तुम्ही रविवारी चहाबरोबर शेवटच्या पानापर्यंत वाचता, म्हणून मी ती निवडली. तोंडावर बोलायची माझी छाती नाही. उद्या सोमवार, तुमच्याकडे सोमवारी वशाट चालत नाही, म्हणून डाळ-तांदळाचा लावू. सोनाली सकाळी कुकर लावून, तिचा वाडगा खाऊन माझ्याबरोबर बस स्टॉपवर येणार आहे. मी तिला बसमध्ये बसवून देईन, कॉलेजच्या दारापर्यंत जायचं झालं तर तेही जाईन. तुमचा वाडगा ओट्यावर झाकून ठेवलेला असेल, इतरांच्या इतकाच भरलेला. बाजारातून यायला उशीर झाला तर गार होईल.

गरम करून घ्या.